घरातील मत्स्यटाकी : आजारी मासे व पाणवनस्पतींची काळजी

शोभिवंत मासे पाळण्याची हौस आता शहरातील दिवाणखान्यापुरती राहिलेली नाही. खेडोपाडी घराच्या ओसरीवर, दुकानात, शाळेत काचेच्या टाक्या दिसतात. काही शेतकरी कुटुंबे व महिला बचत गट परसातील सिमेंटच्या टाक्यांत गप्पी, मोली, गोल्डफिश यांची पिले वाढवून विकतात. हौस असो की जोडधंदा, एक अनुभव बहुतेकांना कधी ना कधी येतो. एखादा मासा कोपऱ्यात सुस्त पडतो, खाणे सोडतो. घरची मंडळी घाबरून दुकानातून निळे औषध आणतात आणि अंदाजाने टाकीत ओततात. दोन दिवसांत पाणी गढूळ होते, वनस्पतींची पाने सडू लागतात आणि तोवर धडधाकट असलेले मासेही वर येऊन धापा टाकू लागतात. आठवड्याभरात टाकी रिकामी होते.

असे नुकसान पुष्कळदा मूळ रोगापेक्षा उपचाराचा क्रम चुकल्यामुळे होते. मासा आजारी दिसताच आधी पाणी तपासावे, नंतर आजारी मासा वेगळा करावा आणि औषधाचा विचार शेवटी करावा. हा क्रम का पाळायचा आणि कसा पाळायचा, याची माहिती या लेखात दिली आहे.

टाकीतील पाणी कसे बिघडते?

माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात मिसळतो. उरलेले खाद्य व कुजलेली पाने यांपासूनही अमोनियाच तयार होतो. शेतात युरिया टाकल्यावर जमिनीतील जीवाणू त्याचे अमोनियात व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, हे शेतकऱ्यांना माहीत आहे. टाकीतही तसेच घडते. फिल्टरचा स्पंज, वाळू व दगड यांवर वाढणारे उपयुक्त जीवाणू अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही माशांना विषारी आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून वनस्पती ते अन्न म्हणून घेतात.

नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे वाढण्यास सुमारे 4 ते 6 आठवडे लागतात. म्हणून नवी टाकी भरून दुसऱ्याच दिवशी दहा-बारा मासे सोडले तर ते पंधरवड्यात मरतात. त्यात रोगाचा संबंध नसतो.

मिथिलिन ब्लूसारखी औषधे रोगजंतूंबरोबर हे उपयुक्त जीवाणूही मारतात आणि वनस्पतींनाही अपाय करतात. जीवाणू मेले की अमोनिया साठतो. वनस्पती सडल्या की त्यात भर पडते आणि सडताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. सुरुवातीला सांगितलेल्या प्रसंगात टाकी रिकामी होण्याचे हेच कारण असते.

आजार कसा ओळखावा?

रोज खाद्य घालताना पाच मिनिटे माशांचे निरीक्षण करावे. निरोगी मासा खाद्याकडे धावत येतो, त्याचे पर पसरलेले असतात व रंग तजेलदार असतो. पर अंगाशी मिटून घेणे, दगडावर अंग घासणे, कल्ल्यांची हालचाल जलद होणे, खाद्य न घेणे, तोल जाणे, रंग फिका पडणे ही आजाराची लक्षणे आहेत.

काही गोष्टी आजार वाटल्या तरी आजार नसतात. गुरामी व फायटर या माशांना हवेतून श्वास घेण्याचे जादा इंद्रिय असते, त्यामुळे ते अधूनमधून वर येऊन हवा घेतात. निऑन टेट्राचा रंग रात्री फिका पडतो व उजेडात परत येतो. गप्पी व मोलीची मादी गाभण असता पोट फुगते, पण तिचे खवले अंगाला चिकटलेलेच राहतात.

दोष पाण्यात आहे की रोग आहे, हे ठरविण्याची एक सोपी खूण आहे. सर्व मासे एकाच वेळी, काही तासांत अस्वस्थ झाले तर दोष पाण्यात समजावा. एकामागून एक मासा काही दिवसांच्या अंतराने आजारी पडत असेल तर संसर्गजन्य रोगाची शक्यता धरावी. मासे फक्त पहाटे धापा टाकत असतील तर प्राणवायू कमी पडत आहे. वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, परंतु रात्री त्याही प्राणवायू घेतात. शेततळ्यात पहाटे मासे वर येतात ते याच कारणाने. अशा टाकीत रात्रभर एअर पंप चालू ठेवावा.

पहिले काम : पाणी सुधारणे

1. खाद्य एक-दोन दिवस बंद ठेवावे. निरोगी मोठा मासा एवढ्या उपासाने मरत नाही.

2. तळाचा गाळ, उरलेले खाद्य व सडकी पाने रबरी नळीने काढून टाकावीत. नळी तोंडाने ओढू नये. ती पाण्याने भरून घ्यावी व टोकावर बोट धरून खाली सोडावी.

3. टाकीतील पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी टाकीतील पाण्याइतक्याच तापमानाचे असावे.

4. नळाचे पाणी असल्यास ते उघड्या भांड्यात एअर पंप लावून 24 तास ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. ग्रामपंचायतीने विहिरीत किंवा जलकुंभात टीसीएल पावडर टाकली असेल त्या दिवशीचे पाणी थेट टाकीत कधीही घेऊ नये. क्लोरीनमुळे कल्ले भाजतात व फिल्टरमधील जीवाणू मरतात.

5. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलक्या हाताने पिळून घ्यावा.

6. अमोनिया, नायट्राइट व सामू तपासण्याचे संच मत्स्यालयाच्या साहित्याच्या दुकानात मिळतात. चांगल्या स्थितीतील टाकीत अमोनिया व नायट्राइट शून्य असावे लागतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कित्येक महिने पाणी न बदललेल्या टाकीतील पाणी आम्लधर्मी झालेले असते. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया कमी विषारी रूपात असतो. अशा टाकीत बोअरवेलचे अल्कधर्मी पाणी एकदम भरपूर घातले तर तोच अमोनिया विषारी होतो आणि पाणी बदलल्याच्या दिवशीच मासे मरतात. म्हणून जुन्या दुर्लक्षित टाकीतील पाणी रोज थोडे, म्हणजे दहाव्या हिश्श्याइतकेच बदलावे.

आजारी माशासाठी वेगळी टाकी

पाणी सुधारूनही मासा बरा होत नसेल किंवा रोगाची स्पष्ट लक्षणे दिसत असतील तर त्याला वेगळ्या टाकीत हलवावे. 20 ते 30 लिटरचा स्वच्छ प्लॅस्टिकचा टबही चालतो. मात्र तो साबण किंवा कीटकनाशकाचा स्पर्श झालेला नसावा. त्यात वाळू व वनस्पती ठेवू नयेत. लपण्यासाठी मातीच्या कुंडीचा तुकडा, एक स्पंज फिल्टर व वर झाकण एवढे पुरे. स्पंज मूळ टाकीतील घेतल्यास उपयुक्त जीवाणू आयतेच मिळतात. रोज पाव भाग पाणी बदलावे. या टाकीची हातजाळी व नळी वेगळी ठेवावी.

अशा व्यवस्थेत औषध थोडे लागते, माशावर लक्ष राहते आणि मूळ टाकीतील वनस्पती व जीवाणू सुरक्षित राहतात.

औषध मोजूनच द्यावे

टाकीतील पाणी लिटरमध्ये काढण्यासाठी लांबी, रुंदी व पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजावी, तिघांचा गुणाकार करावा व 1000 ने भागावे. 60 सें.मी. लांब, 30 सें.मी. रुंद टाकीत वाळूच्या वर 24 सें.मी. पाणी असेल तर 60 × 30 × 24 ÷ 1000 म्हणजे सुमारे 43 लिटर पाणी होते. लिटरला 2 ग्रॅम प्रमाणे त्यास 86 ग्रॅम मीठ लागेल.

मीठ पाण्याच्या वाफेबरोबर उडून जात नाही. म्हणून 11 लिटर पाणी बदलले तर त्या 11 लिटरपुरतेच, म्हणजे 22 ग्रॅम मीठ पुन्हा घालावे. मीठ साधे खडे मीठ असावे. ते आधी पाण्यात विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत घालावे. पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही. खवले नसलेल्या मांगूरवर्गीय माशांनाही मीठ व औषधे लवकर बाधतात, त्यांच्यासाठी मात्रा निम्मी ठेवून सुरुवात करावी.

नेहमी आढळणारे रोग

पांढरे ठिपके : अंगावर व परांवर रव्याचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात व मासा अंग घासतो. हा इक्थिओफ्थिरिअस नावाच्या परोपजीवीमुळे होणारा रोग आहे. हा जीव माशाच्या त्वचेखाली वाढतो, मग गळून तळाशी जातो, तेथे कवचात शेकडो पिले तयार करतो व ती पिले नवा मासा शोधत पोहतात. मीठ किंवा औषध फक्त या पोहणाऱ्या पिलांना मारते. त्वचेखालील व कवचातील जीवावर त्याचा परिणाम होत नाही. म्हणूनच ठिपके नाहीसे झाल्याबरोबर उपचार थांबविल्यास रोग उलटतो.

टाकीत एका माशाला ठिपके आले तरी सर्व मासे वेगळ्या टाकीत हलवावेत, कारण लागण सर्वांना झालेली असते. मासे पुष्कळ असल्यास त्या मानाने मोठा टब घ्यावा. लिटरला 2 ते 3 ग्रॅम मीठ 10 ते 14 दिवस ठेवावे व रोज तळ नळीने साफ करावा. तापमान हळूहळू 29 ते 30 अंश सेल्सिअसपर्यंत नेल्यास परोपजीवीचे चक्र लवकर पूर्ण होते व उपचार लागू पडतो. गोल्डफिशला एवढी ऊब मानवत नाही. त्याच्यासाठी ऊब न वाढविता दिवस वाढवावेत. मूळ टाकी या काळात वनस्पतींसह, परंतु माशांविना ठेवावी. पोहणारी पिले माशाशिवाय दोन दिवसांहून अधिक क्वचितच जगतात, म्हणून 28 अंशांच्या आसपास दोन आठवड्यांत टाकी रोगमुक्त होते. थंडीत चार आठवडे थांबावे. फिल्टरमधील जीवाणूंसाठी त्या टाकीत अधूनमधून चिमूटभर खाद्य टाकावे.

कापसासारखी बुरशी : जखम झालेल्या जागी कापसाच्या बोळ्यासारखी वाढ दिसते. बुरशी सहसा निरोगी त्वचेवर येत नाही. म्हणून जखमेचे कारण, जसे टोकदार दगड, माशांची भांडणे, आधी दूर करावे. माशाला लिटरला 10 ग्रॅम मिठाच्या पाण्यात 5 ते 10 मिनिटे ठेवावे. मासा आडवा होऊ लागल्यास लगेच काढावे. वेगळ्या टाकीत मिथिलिन ब्लू वापरता येते. तोंडाभोवती दिसणारी पांढरी वाढ मात्र पुष्कळदा जीवाणूंची असते. ती उष्णतेने झपाट्याने पसरते, म्हणून अशा वेळी तापमान वाढवू नये.

पर व शेपटी कुजणे : परांच्या कडा पांढरट होऊन फाटत जातात. घाण पाणी व गर्दी ही मुख्य कारणे होत. रोज थोडे पाणी बदलणे व लिटरला 1 ते 2 ग्रॅम मीठ एवढ्याने सुरुवातीचा रोग बरा होतो. कूज पराच्या बुडापर्यंत पोचली किंवा अंग लाल झाले तर तज्ज्ञांना दाखवावे.

जलोदर : पोट फुगते व खवले वर उचलले जातात. हे बहुधा आतील अवयव निकामी झाल्याचे लक्षण असते. मासा वाचण्याची शक्यता कमी असते. तो वेगळा करावा व इतरांसाठी पाण्याची स्वच्छता वाढवावी.

तोल जाणे : गोल्डफिश उलटा किंवा आडवा तरंगतो. अति खाद्य हे नेहमीचे कारण आहे. दोन-तीन दिवस खाद्य बंद ठेवून नंतर उकडून साल काढलेल्या मटाराचा बारीक तुकडा द्यावा.

माशांची ऊ व नांगर कृमी : ऊ चपटी, पारदर्शक, तांदळाच्या दाण्याएवढी असते. नांगर कृमी अंगातून बाहेर आलेल्या दोऱ्यासारखी दिसते. ओल्या कापडात मासा हलकेच धरून चिमट्याने परोपजीवी अंगालगत पकडून काढावा. उवेची अंडी काचेवर व दगडावर असतात, म्हणून टाकी रिकामी करून उन्हात कडकडीत वाळवावी. शेतातील कीटकनाशक यासाठी घरी वापरू नये.

माणसांसाठीच्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याची प्रथा सोडून द्यावी. रोगाचे निदान नसताना त्यांचा उपयोग होत नाही, उपयुक्त जीवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे जंतू मात्र वाढतात.

पाणवनस्पतींचे आजार

पाणवनस्पतीची पाहणी पिकासारखीच करावी. आधी जुनी पाने बिघडली की नवी, हे पाहावे. नत्र, पालाश व मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये वनस्पती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देऊ शकते, म्हणून त्यांची कमतरता जुन्या पानांवर दिसते. लोह तसे हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते.

- जुनी पाने सरसकट पिवळी : नत्र कमी. मासे भरपूर असलेल्या टाकीत हे क्वचित आढळते.
- जुन्या पानांवर बारीक भोके व कडा पिवळ्या-तपकिरी : पालाश कमी.
- जुन्या पानांच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा : मॅग्नेशियम कमी.
- कोवळी पाने पिवळी-पांढरी, शिरा हिरव्या : लोह कमी.

यावर पाणवनस्पतींसाठी तयार केलेले खत सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करावे. शेतातील युरिया किंवा डीएपी टाकीत टाकू नये. त्यापासून अमोनिया तयार होऊन मासे मरतात. पिकांसाठीच्या सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रणात तांबे व जस्त असते, तेही टाळावे. शेवाळ मारण्यासाठी मोरचूद वापरणे तर अत्यंत धोक्याचे आहे. तांब्याची थोडी मात्राही गोगलगायी, झिंगे व वनस्पती मारते आणि मऊ पाण्यात मासेही दगावतात.

नव्याने आणलेल्या वनस्पतीची पाने पहिल्या पंधरवड्यात गळाली तर ती फेकू नये. पुष्कळ रोपवाटिकांत या वनस्पती पाण्याबाहेर वाढवितात. टाकीत आल्यावर जुनी पाने जातात व पाण्याला मानवणारी नवी पाने येतात. क्रिप्टोकोरिनची पाने जागा किंवा पाणी बदलताच विरघळल्यासारखी होतात, पण मुळे शाबूत असल्यास ती पुन्हा फुटते. सडकी पाने मात्र कात्रीने रोज काढावीत. जावा फर्नचे आडवे खोड वाळूत पुरल्यास कुजते, म्हणून ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे. त्याच्या पानामागील काळे ठिपके हा रोग नसतो.

शेवाळ वाढणे म्हणजे उजेड व अन्नद्रव्ये वनस्पतींच्या गरजेपेक्षा जास्त झाली आहेत. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, दिवा रोज 6 ते 8 तासच लावावा व खाद्य कमी करावे.

नवी वनस्पती टाकीत लावण्यापूर्वी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात 10 मिनिटे बुडवून स्वच्छ धुवावी. 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम परमँगनेट विरघळवून ते द्रावण धुण्याच्या पाण्यात लिटरला 10 मि.लि. या प्रमाणात घ्यावे. नवीन मासे दोन ते तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवूनच मूळ टाकीत सोडावेत.

शेतकरी कुटुंबांनी घ्यावयाची विशेष काळजी

फवारणीहून आल्यावर हात-पाय व कपडे स्वच्छ धुतल्याशिवाय टाकीला हात लावू नये. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अतिसूक्ष्म प्रमाणातही मारक आहेत. डासांच्या अगरबत्त्या, वड्या व फवाऱ्यांतही याच गटाची द्रव्ये असतात आणि एअर पंप खोलीतील हवाच पाण्यात सोडतो. म्हणून टाकीच्या खोलीत त्यांचा वापर टाळावा.

वीज गेल्यावर खाद्य देऊ नये व तांब्याने टाकीतील पाणी काढून उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहावे. फिल्टर कित्येक तास बंद राहिल्यास त्यातील जीवाणू गुदमरून मरतात. तो पुन्हा सुरू करण्यापूर्वी टाकीच्या पाण्यात धुवून घ्यावा. निफाडसारख्या कडक थंडीच्या भागात टाकीला थर्मोस्टॅटचा हीटर लावावा.

हाताला जखम असल्यास टाकीत हात घालताना रबरी हातमोजे वापरावेत. माशांतील क्षयवर्गीय जंतू जखमेतून माणसाच्या त्वचेत शिरून दीर्घकाळ न भरणारे फोड आणतात. मेलेला मासा ताबडतोब काढून पुरून टाकावा.

आजारी अथवा नकोसे झालेले मासे व वनस्पती विहिरीत, ओढ्यात किंवा शेततळ्यात सोडू नयेत. रोग त्यांच्याबरोबर जातो. शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले, हे आपण पाहतोच. काच साफ करण्यासाठी आणलेला सकर मासाही देशातील अनेक जलाशयांत पसरला असून मच्छीमारांची जाळी फाडत आहे.

तज्ज्ञांचा सल्ला घेताना

उपाय लागू न पडल्यास नजीकचे मत्स्य महाविद्यालय, जिल्ह्याचे मत्स्यव्यवसाय कार्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र येथे चौकशी करावी. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. जाताना लक्षणे दिसत असलेला जिवंत मासा पिशवीत, टाकीचे पाणी वेगळ्या बाटलीत आणि कोणते औषध केव्हा दिले याची नोंद बरोबर न्यावी. कुजलेल्या माशावरून निदान होत नाही.

थोडक्यात, आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे, नव्या माशांना व वनस्पतींना थेट प्रवेश देऊ नये आणि मासा आजारी दिसला की औषधाची बाटली उघडण्यापूर्वी पाणी तपासावे. एवढे नियम पाळणाऱ्याच्या घरात औषधाची गरज क्वचितच पडते.